कोलंबिया ते हार्लेम : हंडा आणि विहीर

अमेरिकेला जाण्याचा योग माझ्यासारख्या कारकुनाच्या आयुष्यात येईल असे कधी वाटले नव्हते. परंतु माझ्या ताईचा मुलगा नोकरीनिमित्त न्यू जर्सीत राहतो. त्याने तिकीट पाठविले, ऑफिसने अर्जित रजा मंजूर केली आणि २०२५च्या एप्रिल महिन्यात मी तीन आठवडे तिकडे जाऊन आलो. "मामा, काय काय पाहायचे ते आधीच सांगा, मला सुट्टी काढावी लागते," असे भाच्याने फोनवर विचारले, तेव्हा मी एकच ठिकाण सांगितले. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा नंतर पाहू. आधी परमपूज्य बाबासाहेब जेथे शिकले ते कोलंबिया विद्यापीठ.

न्यू जर्सीहून नदीखालून जाणाऱ्या गाडीने आम्ही न्यूयॉर्क शहरात आलो. तेथे भुयारी रेल्वेची १ नंबरची गाडी पकडली आणि ११६व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरलो. ही भुयारी रेल्वे १९०४ साली सुरू झाली आणि बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले १९१३ साली. म्हणजे याच मार्गाने ते कितीदा तरी आले-गेले असतील. जिना चढून वर आलो आणि समोर विद्यापीठाचे फाटक दिसले. फाटक बंद होते. अलीकडे तेथे ओळखपत्र असलेल्यांना किंवा आधी नाव नोंदविलेल्या पाहुण्यांनाच आत सोडतात. भाच्याच्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याने आमची नावे नोंदविली होती म्हणून आत जाता आले.

आत गेल्यावर रुंद पायऱ्या आणि त्यांच्यावर घुमट असलेली लो लायब्ररीची भव्य इमारत दिसते. बाबासाहेबांच्या काळी विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालय येथेच होते. आता तेथे कार्यालये आहेत. मी त्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसलो. एप्रिल असूनही वारा बोचरा होता. आमच्या अकोल्यात त्याच दिवसांत डांबर वितळत असते!

बाबासाहेबांचा ब्राँझचा अर्धपुतळा लेहमन ग्रंथालयात आहे. इंग्लंडमधील आंबेडकरी व बौद्ध संघटनांच्या महासंघाने तो १९९५ साली विद्यापीठाला भेट दिला. मी चपला काढू लागलो तसे भाचा म्हणाला, "मामा, इथे तशी पद्धत नाही." मी म्हणालो, "पद्धत त्यांची असेल, पाय माझे आहेत." हात जोडले, त्रिसरण-पंचशील मनातल्या मनात म्हटले. आजूबाजूला मुले-मुली आपापल्या संगणकावर मान खाली घालून अभ्यास करीत होती. कुणी आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मला ते फार आवडले. एका अस्पृश्य मुलाला ११२ वर्षांपूर्वी याच जागी ही मोकळीक पहिल्यांदा मिळाली होती.

ती मोकळीक कशामुळे मिळाली? बुद्धी बाबासाहेबांची होती, कष्ट बाबासाहेबांचे होते. पण बोटीचे तिकीट आणि फी यांना पैसा लागतो. तो बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीतून आला. दरमहा साडेअकरा पौंड. आजच्या भाषेत बोलायचे तर सरकारी सवलत. त्या सवलतीवर १९१५ साली एम.ए. झाले. १९१६ साली बाबासाहेब लंडनला गेले, पुढील अभ्यास सुरू केला, आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. पुन्हा लंडनला जाण्यासाठी १९२० साल उजाडले. सिडनहॅम कॉलेजातील पगारातून साठविलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज यांच्या बळावर ते गेले. विद्यार्थ्याची तीन वर्षे सवलत संपल्यामुळे गेली. हा इतिहास आपण सर्वजण जयंतीच्या भाषणात ऐकतो. मला त्याचा खरा अर्थ त्याच दिवशी, तेथून दहा मिनिटांच्या अंतरावर कळला.

टेकडी उतरल्यावर

विद्यापीठ एका टेकडीवर आहे. ॲमस्टरडॅम ॲव्हेन्यू या रस्त्याने उत्तरेकडे चालू लागलो की उतार लागतो. सहा-सात चौक ओलांडले आणि देखावा पार बदलला. दोन्ही बाजूंना उंचच उंच, एकसारख्या, लाल विटांच्या इमारती. ही ग्रँट हाऊसेस नावाची सरकारी वसाहत, १९५०च्या दशकात बांधलेली. आपल्याकडील म्हाडाच्या वसाहतीसारखीच, पण वीस-एकवीस मजली. त्यापुढे १२५वा रस्ता. हाच हार्लेमचा मुख्य रस्ता. कृष्णवर्णीय समाजाच्या चळवळीत, साहित्यात, संगीतात ज्या हार्लेमचे नाव आहे तो भाग येथून सुरू होतो. याच समाजाच्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतले, हे आपल्या वाचकांना सांगायला नकोच.

थंडीने बोटे आखडली होती म्हणून आम्ही १२५व्या रस्त्यावरील जॉर्ज ब्रूस लायब्ररीत शिरलो. ही सार्वजनिक वाचनालयाची शाखा आहे. इमारत १९१५ची, म्हणजे बाबासाहेब कोलंबियात असतानाच उघडलेली. आत कुणीही जाऊ शकतो. फाटकावर नाव विचारीत नाहीत. तळमजल्यावर संगणक मांडलेले होते आणि प्रत्येक संगणकासमोर माणूस. शाळा सुटल्यानंतरची वेळ होती.

एका संगणकावर दहा-अकरा वर्षांचा मुलगा गृहपाठ करीत होता. बाजूला साठीच्या आसपासची कृष्णवर्णीय आजीबाई मांडीवर कोट घेऊन बसली होती. माझ्यासारखीच थंडीला कंटाळलेली. आम्ही शेजारी बसलो तशी तिने हसून कुठून आलात म्हणून विचारले. माझे इंग्रजी ऑफिसच्या टिपणीपुरतेच आहे, म्हणून भाचा दुभाष्या झाला. घरी संगणक नाही का, असे मी विचारले. ती म्हणाली, संगणक आहे, इंटरनेट नाही. होते, पण गेले.

मला आश्चर्य वाटले. ज्या देशाने इंटरनेटला जन्म दिला त्या देशात, इतक्या मोठ्या विद्यापीठाच्या पायथ्याशी, घरात इंटरनेट नाही म्हणून नातवाला घेऊन वाचनालयात बसणारी आजी! मग तिने आणि घरी आल्यावर भाच्याने जे समजावून सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले. कारकुनाची सवय!

एक सवलत कशी आली, कशी गेली

करोनाच्या काळात तिकडेही शाळा, दवाखाने, नोकरीचे अर्ज सारे इंटरनेटवर गेले. तिकडे घरगुती इंटरनेट महाग आहे. गरिबांना ते परवडेना. म्हणून सरकारने मे २०२१मध्ये एक तातडीची मदत सुरू केली. दरमहा ५० डॉलरपर्यंत बिल सरकार भरणार. पुढे नोव्हेंबर २०२१मध्ये पायाभूत सुविधांचा मोठा कायदा झाला, आणि त्या वर्षअखेरीपासून या मदतीचे रूपांतर 'अफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्राम' या योजनेत झाले. सोप्या मराठीत, परवडणाऱ्या इंटरनेटची योजना. दरमहा ३० डॉलर, म्हणजे सुमारे अडीच हजार रुपये सूट. तेथील आदिवासींच्या राखीव भूमीवर ७५ डॉलर. शिवाय लॅपटॉप किंवा टॅब्लेट घेताना एकदाच १०० डॉलरपर्यंत सूट.

पैसा कुटुंबाच्या हातात येत नव्हता. कंपनी बिलातून तेवढी रक्कम वजा करी आणि सरकारकडून वसूल करून घेई. पात्रता ठरविण्याची रीत आपल्या लोकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. ज्या घराला अन्नधान्यासाठी मदत मिळते, ज्याला मेडिकेड ही सरकारी वैद्यकीय मदत मिळते, ज्याच्या मुलांना शाळेत मोफत जेवण मिळते, ते घर आपोआप पात्र. नसेल तर उत्पन्न दारिद्र्यमर्यादेच्या दुपटीपर्यंत असले तरी चालेल. म्हणजे एकदा गरीब ठरलेल्या माणसाने पुन्हा दारोदार दाखले गोळा करीत फिरायचे नाही.

या योजनेत २ कोटी ३० लाखांहून अधिक घरांनी नाव नोंदविले. त्या देशातील साधारण दर सहा घरांमागे एक घर! पण योजनेसाठी एकदाच रक्कम ठेवली होती, १ हजार ४२० कोटी डॉलर. ती संपली की योजना संपणार, असेच कायद्यात होते. फेब्रुवारी २०२४मध्ये नवीन नावे घेणे थांबले. एप्रिलमध्ये शेवटची पूर्ण सूट मिळाली, मेमध्ये जास्तीत जास्त १४ डॉलर, आणि १ जून २०२४ला सर्व बंद. मुदत वाढवून ७०० कोटी डॉलर द्यावेत, असे विधेयक जानेवारीत मांडले गेले होते. दोन्ही पक्षांचे सभासद त्याच्या बाजूने होते. तरी ते मंजूर झालेच नाही.

आजीबाईने आपली हकीकत अगदी थोडक्यात सांगितली. सूट होती तोवर तिला बिल जवळजवळ लागतच नव्हते. मग पत्र आले. दोन महिने तिने पूर्ण बिल भरले. तिसऱ्या महिन्यात घरभाडे वाढले, तेव्हा तिने इंटरनेट तोडले. "औषध तोडता येत नाही, जेवण तोडता येत नाही. मग काय तोडणार?" असे ती म्हणाली. आता शाळा सुटली की रोज येथे यायचे. वाचनालय संध्याकाळी बंद होते. उरलेला गृहपाठ आजीच्या फोनवर.

मला एकदम १९१७ साल आठवले. तीच गोष्ट! शिकणाऱ्याला अर्ध्या वाटेपर्यंत न्यायचे आणि मुदत संपली म्हणून तेथेच सोडायचे.

दुसऱ्या दोन वाटा

तेवढ्यात आमचे बोलणे ऐकून वाचनालयातील बाई जवळ आल्या. त्यांनी आजीबाईला विचारले, अन्नधान्याची मदत मिळते का? हो म्हणताच त्या म्हणाल्या, मग तुम्हाला पंधरा डॉलरमध्ये इंटरनेट मिळू शकते, तसा न्यूयॉर्क राज्याचा कायदा आहे. आजीबाईला त्याचा पत्ताच नव्हता. वाचनालयातील बाईंनी एक कागद छापून तिच्या हातात ठेवला.

हा कायदा राज्याने २०२१ साली केला. पात्र गरीब घराला कंपनीने १५ डॉलरमध्ये २५ एमबीपीएस वेगाचे किंवा २० डॉलरमध्ये २०० एमबीपीएसचे इंटरनेट दिलेच पाहिजे. येथे सरकारच्या तिजोरीतून सूट नाही, कंपनीवरच बंधन आहे. अर्थात कंपन्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि कायदा अडकला. एप्रिल २०२४मध्ये अपील न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला, डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हात घालण्यास नकार दिला आणि १५ जानेवारी २०२५पासून तो लागू झाला. लागू होताच एका बड्या कंपनीने आपली एक घरगुती वायरलेस सेवा त्या राज्यातून काढून घेतली, हेही नमूद केले पाहिजे. कायदा झाला म्हणजे लढाई संपत नाही.

दुसरी वाट जुनी आहे. 'लाईफलाईन' नावाची योजना तिकडे १९८५पासून आहे. आधी टेलिफोनच्या बिलासाठी होती, २०१६पासून इंटरनेटसाठीही. रक्कम लहान आहे, दरमहा सव्वानऊ डॉलर. पण मोठी योजना अडीच वर्षांत संपली आणि ही लहान योजना चाळीस वर्षे टिकली. कारण हिचा पैसा दूरसंचार कंपन्यांकडून कायद्याने सतत गोळा होणाऱ्या निधीतून येतो. दरवेळी सरकारपुढे हात पसरावा लागत नाही. या निधीलाही न्यायालयात आव्हान दिले गेले होते. जून २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला.

मी भाच्याला म्हणालो, "एक हंडा होता, दुसरी विहीर आहे. हंडा कितीही मोठा असला तरी रिकामा होतो."

बाबासाहेबांनी हे स्वतः भोगले होते. म्हणूनच व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी कुण्या महाराजांच्या मर्जीवर न राहणारी तरतूद करून घेतली. १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. ती आज ऐंशी वर्षांनंतरही चालू आहे. मी बी.कॉम. झालो तो तिच्यावर. बडोद्याचा हंडा त्यांना मिळाला, आपल्यासाठी त्यांनी विहीर खणली.

विहीर आहे, पण दोर?

येथे मला आमच्या वस्तीतील एक मुलगी आठवली. वडील बाजार समितीत हमाली करतात, आई चार घरची धुणीभांडी. मुलगी हुशार. तिने शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाईन भरला होता. अर्ज त्रुटीसाठी परत आला, पण पोर्टल उघडून पाहिल्याशिवाय ते कळत नव्हते. घरात फोन एकच, तो दिवसभर वडिलांच्या खिशात. त्यात रिचार्ज असेल त्या दिवशी इंटरनेट. ती माझ्याकडे आली तेव्हा मी म्हणालो, "बेटा, रविवारी विहारात ये, निवांत बघू." रविवारी पाहिले तर मुदत आदल्या दिवशी संपली होती. त्या वर्षीची फी तिच्या आईने बचत गटाचे कर्ज काढून भरली. ती मला एका शब्दाने बोलली नाही. पण ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

बाबासाहेबांनी विहीर खणली, पण आज तिच्यावरचा दोर इंटरनेटचा आहे. ज्याच्या घरी दोर नाही त्याने काठावर उभे राहायचे. कुणी म्हणेल, आपल्याकडे मोबाईलचे इंटरनेट स्वस्त आहे. अमेरिकेच्या मानाने आहे खरे. पण जुलै २०२४मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढविले तेव्हा मजुरी वाढली नव्हती. आणि एका फोनवर बापाची मजुरी, आईचा बचत गट, दोन मुलांचा अभ्यास आणि सरकारी अर्ज हे सर्व कसे चालणार?

आपल्या देशात काहीच झाले नाही असे नाही. केरळ राज्याने इंटरनेट हा नागरिकांचा मूलभूत हक्क मानून 'के-फोन' ही सरकारी योजना आखली. विजेच्या खांबांवरून तारा नेल्या आणि जून २०२३मध्ये योजनेचे उद्घाटन झाले. दारिद्र्यरेषेखालील २० लाख घरांना मोफत जोडणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. सुरुवात प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील १०० घरे, अशी १४ हजार घरांनी करायची ठरली. उद्दिष्टाच्या मानाने सुरुवात लहान, पण घराच्या उंबरठ्यापर्यंत जाण्याचा विचार तरी झाला. त्याच केरळच्या उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९मध्ये, वसतिगृहातील मोबाईलबंदीविरुद्ध एका विद्यार्थिनीने केलेल्या याचिकेवर, इंटरनेट वापरणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे असा निकाल दिला. एका मुलीने विचारले म्हणून तो निकाल झाला, हे आपल्या लेकींनी लक्षात ठेवावे.

आणि विहिरीचे म्हणाल तर ती दिल्लीतही आहे. टेलिफोन कंपन्यांच्या महसुलातून गोळा होणारा एक निधी आपल्याकडे २००२पासून आहे. दूरसंचार कायदा २०२३ने त्याचे नाव 'डिजिटल भारत निधी' केले. आजवर त्याचा भर ग्रामीण भागात तारा आणि मनोरे नेण्यावर राहिला. नव्या कायद्यात मात्र सेवा अपुरी असलेल्या ग्रामीण व दुर्गम भागांबरोबर शहरी भागांचाही उल्लेख आहे. शहरी भाग म्हणजे फक्त बंगले नव्हेत. आपल्या झोपडपट्ट्या, आपली भीमनगरे हाही शहरी भागच आहे. तार गल्लीपर्यंत येते. गल्लीतून घरात आणण्याचा महिन्याचा खर्च गरिबाला झेपत नाही. त्या खर्चासाठी याच निधीतून कायमची तरतूद व्हावी, अशी मागणी आपण का करू नये?

मागणी करताना मात्र हार्लेमचा धडा विसरू नये. निवडणुकीच्या तोंडावर वर्षा-दोन वर्षांची मोफत योजना कुणी देईल. ती घ्यावी, पण तिच्यावर विसंबू नये. शिधापत्रिका असलेले घर आपोआप पात्र धरा, वेगळे दाखले मागू नका, आणि पैसा कायद्याने येणाऱ्या निधीतून द्या, एवढे तीन मुद्दे आपल्या प्रत्येक निवेदनात असावेत.

ते होईपर्यंत आपल्या हातात काय आहे? आमच्या विहाराला लागून अभ्यासिका आहे. परत आल्यावर मी मंडळाच्या बैठकीत हा सर्व वृत्तांत सांगितला. वर्गणीतून तेथे इंटरनेटची जोडणी घ्यायची ठरले, आणि घेतली. शिष्यवृत्तीच्या दिवसांत रोज संध्याकाळी सात ते नऊ कुणीतरी जाणते माणूस तेथे बसते. अर्ज भरलेल्या प्रत्येक मुलाचे नाव वहीत आहे, आणि अर्जाची स्थिती आठवड्यातून दोनदा पाहून पुढे लिहिली जाते. यादी पाहण्याचे काम तीच मुलगी करते. ती आता शेवटच्या वर्षाला आहे. "काका, रविवारची वाट नाही बघायची," असे ती मला हसत हसत सुनावते. तिला तो अधिकार आहे.

निघताना त्या आजीबाईने माझे नाव विचारले होते. मी सांगितले आणि वर टेकडीकडे बोट दाखवून म्हणालो की आमचे एक थोर पुरुष तेथे शिकले, म्हणून मी इतक्या लांबून आलो. ती म्हणाली, "माझा नातूही तेथे शिकेल." तिने वाचनालयातील बाईंनी दिलेला कागद नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला. १२५व्या रस्त्यावर १ नंबरची गाडी भुयारातून बाहेर येऊन उंच पुलावरून धावते. फलाटावरून टेकडीकडे एकदा पाहून घेतले, मनातल्या मनात जयभीम म्हटले आणि गाडीत बसलो.

जयभीम!